जांभळ्या रंगाभोवतीचं कडं

संस्थेत तिला सगळे भट्टीकाकू म्हणायचे. खरं तर ती भट्टी नव्हतीच. वाफेने जंतू मारायचं ते यंत्र होतं, छातीइतकं उंच. त्याच्या पोटात टोपल्या ठेवायच्या आणि वरचं झाकण पिरगाळून घट्ट करायचं. पण कामावरच्या पहिल्याच दिवशी तिने त्याला भट्टी म्हटलं आणि पुढच्या सव्वीस वर्षांत दुसरं नाव घ्यायची कुणाची छाती झाली नाही. नवी पोरं मोठमोठ्या पदव्या घेऊन यायची, पहिल्या आठवड्यात काकूची बोलणी खायची आणि सुतासारखी सरळ व्हायची.

काम तसं कुणाच्या डोळ्यात भरणारं नव्हतं. बाटल्या धुवायच्या, जंतूंना खायला घालायची अगर नावाची खळ शिजवून काचेच्या बशांमध्ये ओतायची, आणि काम झालेल्या बशा, त्यात वाढलेल्या सगळ्या गोतावळ्यासकट, भट्टीत घालून मारून टाकायच्या. या दारातून जिवंत काही बाहेर जाणार नाही, हा तिचा नियम. माणसं सोडून, असं ती वर म्हणायची, पण तीही संध्याकाळपर्यंत अर्धमेलीच झालेली असतात. हा विनोद तिने सव्वीस वर्षं केला आणि दर वेळी स्वतःच हसली.

शाळा आठवीपर्यंतच झालेली. पण नजर अशी की बशी उजेडाकडे धरली की ती बिघडलीय का, हे मॅडमच्या आधी तिला कळायचं. नाक तर त्याहून तिखट. मॅडम म्हणजे विभागाच्या प्रमुख, जगभर फिरून आलेल्या बाई, पण एखाद्या बशीचा वास त्यांना खटकला की त्या काकूलाच हाक मारायच्या. काकू हुंगायची, मान हलवायची आणि बशी टोपलीत जायची. त्यावर चर्चा होत नसे.

तिला सगळ्यात आवडायचं ते कडं मोजणं. बशीभर पू करणारे जंतू पसरायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी बशी दुधाळ होते. मधोमध औषधात बुडवलेली कागदाची टिकली ठेवायची. औषधात दम असेल तर टिकलीभोवती जंतू मरतात आणि एक स्वच्छ कडं उमटतं. पट्टी लावून ते कडं मिलिमीटरमध्ये मोजायचं. जेवढं कडं मोठं, तेवढं औषध जोरदार. पोरं वही घेऊन बसायची आणि काकू पट्टी धरायची. पुढेपुढे तर ती पट्टी लावायच्या आधीच आकडा सांगायची आणि एखाद्या मिलिमीटरपलीकडे कधी चुकायची नाही. घरी जाऊन नवऱ्याला सांगायची, आज अमुक औषधाला अठरा आले.

नवरा पाट्या रंगवायचा. गल्लीत सगळे त्याला पेंटर म्हणायचे आणि तीही लोकांसमोर पेंटरच म्हणायची, घरात अहो. दुकानांची नावं, दवाखान्याच्या वेळा, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्याने शिडीवर उभं राहून लिहिलेलं. छापील फलक आले आणि निम्मं काम गेलं, तरी शिडी त्याने सोडली नाही. जमिनीवर उभं राहून जगाकडे बघणं आपल्याला मानवत नाही, असं म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वी मॅडमनी फर्मान काढलं होतं की प्रत्येकाने कुठूनतरी चमचाभर माती आणायची. मातीतले जंतू रंग तयार करतात, लाल, निळे, पिवळे, आणि त्या रंगांमध्ये औषधाचे गुण सापडतात म्हणून शोध चालू होता. पोरांनी टेकडीवरची, नदीकाठची, बागेतली माती आणली. काकूने घरामागच्या नळाखालची आणली, जिथे पेंटर ब्रश धुवायचा. आणि सगळ्यांच्या बशा मातकट निघाल्या असताना तिच्या बशीत जांभळे ठिपके उगवले. असे गडद, की हात लावला तर बोटाला लागतील असं वाटावं. पेंटरला कळलं तेव्हा तो म्हणाला की त्यात जंतूंचं काय कौतुक, तो रंग माझाच असणार, इतकी वर्षं त्यांना फुकट पाजतोय.

त्या जांभळ्या रंगाची टिकली पूवाल्या जंतूंच्या बशीत ठेवली तर कडं आलं एकवीसचं. पट्टी काकूनेच धरली होती. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे ते जंतू होते. मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी काकूचा हात हातात घेतला. तिच्या सव्वीस वर्षांत असं एकदाच झालं.

वर्तमानपत्रवाले आले. मॅडम त्यांच्याशी फार जपून बोलल्या. कदाचित मलम होईल, कदाचित जखमांवर चालेल, काही गाठींवरही याचा परिणाम दिसतोय पण तो बशीतल्या पेशींवर, माणसावर नाही. छापून आलं तेव्हा सगळे कदाचित गळून पडले होते. मातीतल्या जंतूचा रंग जखमा बऱ्या करणार, एवढंच मोठ्या अक्षरांत होतं. पेंटरने ते कात्रण कापून आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवलं. अक्षरांची ठेवण वाईट आहे म्हणाला, पण मजकूर चांगला आहे. इथे मला त्या वर्तमानपत्रवाल्याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. एका शब्दाची जागा वाचवून त्याने काय कमावलं कोण जाणे.

पेंटरला दहा वर्षांपासून साखरेचा आजार. पायांतली संवेदना हळूहळू गेलेली. एक दिवस चपलेत खिळा घुसला आणि तो दिवसभर त्याच्यावर उभा राहून एका दुकानाची पाटी लिहीत राहिला. घरी आला तेव्हा काकूने फरशी पुसून ठेवली होती. पुसलेल्या फरशीवर उजव्या पावलाचे लाल ठसे दारापासून मोरीपर्यंत उमटले आणि ती आधी त्याच्यावर ओरडली, रंग घेऊन घरात का आलात म्हणून.

जखम अंगठ्याच्या मागे होती, लहानशी. महिना झाला तरी भरेना. इस्पितळात एक दिवसाआड पट्टी बदलायला जायचं ठरलं. डॉक्टर तरुण होता आणि कमी बोलणारा. त्याने एकदा दोन बोटांनी पेंटरचा घोटा चाचपला, बराच वेळ चाचपला, आणि म्हणाला की पायात रक्त नीट पोचत नाहीये, दोन बोटं कदाचित काढावी लागतील. त्या दिवसापासून पेंटर गप्प झाला. घरी शिडी भिंतीला टेकवलेली असायची, तिच्याकडे बघत बसायचा.

मग एका दुपारी त्याने आरशातलं कात्रण काढून तिच्यासमोर धरलं.

"अगं, जगाला देणार आहात ना हे? मग घरात एक माणूस आहे की."

दुसऱ्या दिवशी मॅडमना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं की आपला रंग माणसांना कधी लावणार. मॅडम हसल्या. आधी उंदीर, मग कागदपत्रं, मग थोडी माणसं, दहा वर्षं तरी धरा, आणि तिथवर न पोचण्याचीच शक्यता जास्त, असं त्या म्हणाल्या. कशासाठी विचारता, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्यातलं दहा वर्षं एवढंच तिने ऐकलं. पेंटरच्या पायाकडे दहा वर्षं नव्हती.

तिने चोरी केली नाही, निदान तिच्या हिशेबाने तरी नाही. जांभळे जंतू वाढवून झालेल्या, फेकून द्यायच्या बाटल्या तिच्याच टोपलीत येत होत्या. तिने त्या नेहमीसारख्या भट्टीत घातल्या. वाफेने जंतू मेले, पण रंग तसाच राहिला. हे तिने शंभरदा पाहिलेलं होतं. तळाशी बसलेला जांभळा गाळ तिने सुकवला, स्पिरिटमध्ये विरघळवला, कापडातून गाळला आणि औषधाच्या एका छोट्या तपकिरी बाटलीत भरला. दारातून जिवंत काही बाहेर गेलं नव्हतं. तेव्हा नियम मोडला असं तिला वाटलंच नाही.

घरी तिने त्याचा सगळ्यात बारीक ब्रश उकळून घेतला, ज्याने तो अक्षरांच्या कडा काढायचा. जखमेवर पहिला हात फिरवला तेव्हा स्पिरिटने माणूस किंचाळायला हवा होता. त्याला काहीच कळलं नाही. तो मान वाकवून रंगच बघत होता.

"हा डब्यात मिळत नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे असता तर मी याने फक्त देवाचं नाव लिहिलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात तिने जखमेची पट्टी सोडली. जांभळ्या डागाभोवती कातडीवर एक फिकट, पांढुरकं कडं आलं होतं. तिने आत जाऊन संस्थेतून आणलेली मोजपट्टी घेतली. चार मिलिमीटर. तिने वहीत तारीख घातली आणि पुढे चार लिहिलं. तिसऱ्या दिवशी सहा. चौथ्या दिवशी नऊ. सव्वीस वर्षं ती जे बघून पोरांच्या पाठीवर थाप मारत आली होती, तेच तिच्या नवऱ्याच्या पायावर वाढत होतं. तिने त्याला आकडा सांगितला की तोही हसायचा. महिन्याभरात घरात कुणी हसलं नव्हतं.

इस्पितळात जायच्या दोन फेऱ्या त्यांनी चुकवल्या. तिथे गेलं की तो डॉक्टर रंग पुसणार, आणि बोटांचं बोलणार. आणखी थोडं कडं वाढू दे, मग त्यालाच दाखवू, असं तिचं मत पडलं. पेंटरला तेच हवं होतं.

तिची नणंद भेटायला आली आणि दारातच नाकाला पदर लावला. म्हणाली, वहिनी, घरात काहीतरी कुजलंय. काकूला वास येत नव्हता असं नाही. संस्थेत सगळ्यात तिखट नाक तिचं. पण तो वास तिच्या ओळखीचा होता. भट्टीचं झाकण उघडलं की मेलेल्या जंतूंचा वास असाच यायचा, आणि तो वास म्हणजे काम फत्ते झाल्याची खूण. तिने नणंदेला हेच समजावून सांगितलं. नणंदेला काही ते पटलं नाही, पण वहिनी प्रयोगशाळेत काम करते, आपल्याला काय कळतंय, म्हणून तिने पदर खाली घेतला. पाचव्या दिवशी कडं चौदाचं झालं. त्याच दुपारी पेंटरला हुडहुडी भरली आणि तो भिंतीवर नसलेली अक्षरं वाचायला लागला.

इस्पितळात डॉक्टरने ओल्या कापसाने रंग पुसायला घेतला. पुसता पुसता तो थांबला. जांभळ्याखाली काळं होतं, आणि ते पुसून जात नव्हतं. जांभळ्यात काळं कुणाला दिसणार? घोट्यापर्यंत पाय गार पडला होता. पेंटरला आत नेलं. डॉक्टरने विचारलं, हे काय लावलंत? काकूने सगळं सांगितलं, आणि सांगताना, देवा, तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. तिने पिशवीतून वही काढून त्याच्यापुढे ठेवली. कडं रोज वाढत होतं, ती म्हणाली, ताप कशाने आला तेच कळत नाही.

त्याने पानावरचे आकडे वाचले. चार, सहा, नऊ, चौदा, आणि त्यांच्यापुढे तिचं टपोरं अक्षर. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बाई, रक्त पोचेनासं झालं की कातडी अशी पांढरी पडते. हे मरणाऱ्या पायाचं माप आहे. चार होतं तेव्हा आणलं असतं तर बोटांवर भागलं असतं."

पाय गुडघ्याच्या वर कापला. पेंटर वाचला.

मॅडमना तिने पुन्हा कामावर रुजू झाल्याच्या दिवशी सांगितलं. उभी राहूनच सांगितलं, वही टेबलावर ठेवली. मॅडमचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यांनी दार लावून घेतलं. त्या पहिल्यांदा प्रकल्पाचं बोलल्या, मग त्यांची त्यांनाच लाज वाटली असावी. हा रंग एका जातीच्या जंतूंना मारतो, काकू, अशा जखमेत सतरा जाती असतात, त्या म्हणाल्या. आणि बशीत तो माणसाच्या कातडीच्या पेशीही मारतो, ती बशी तुम्हाला आम्ही कधी दाखवली नाही कारण तिच्यात मोजण्यासारखं काही नव्हतं. मग त्या म्हणाल्या, बशीत रक्तवाहिन्या नसतात, काकू, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. काकू म्हणाली, मी विचारायला हवं होतं. दोघींचं खरं होतं आणि त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. नोकरी गेली नाही. कधीकधी वाटतं, गेली असती तर तिला सोपं गेलं असतं.

पेंटरला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर बोलला तेव्हा तो आत टेबलावर होता, आणि काकूच्या तोंडून ते निघेना. रोज ठरवायची, रोज चहा देऊन मागे फिरायची. आणि तो काय करायचा, तर येईल त्याला सांगायचा. कुबड्या भिंतीला लावून खाटेवर बसायचा आणि शेजाऱ्यांना सांगायचा की हिच्या रंगाने जखम भरत आली होती, रोज कडं वाढत होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय, पण आम्ही उशिरा सुरू केलं, मीच महिना वाया घालवला. नणंदेचाही विश्वास बसला. काकू स्वयंपाकघरात उभी राहून हे ऐकायची आणि भांडं घासलेलं असलं तरी पुन्हा घासायची. लोक जाताना तिच्याकडे आदराने बघायचे. तो आदर तिला चावायचा.

चार महिने गेले. एका सकाळी ती त्याचा डावा पाय धूत होती. आता रोज दोन्ही वेळा धुवायची, बोटांच्या मधून कापड फिरवायची, उजेडात टाच उलटीपालटी करून बघायची. करंगळीच्या बाजूला वाटाण्याएवढा फोड होता. कुबड्यांवर सगळा भार त्या एका पायावर पडत होता, कधीतरी होणारच होतं. तिचा हात थांबला, आणि त्याने ते पाहिलं.

त्याने वाकून फोड बघितला. घाबरला नाही. उलट खाटेच्या खालून ब्रशांचा डबा ओढला, त्यातला तोच बारीक ब्रश शोधून काढला आणि तिच्यापुढे धरला.

"आण तुझा रंग. या वेळी वेळेवर सुरू करू."

पाय तिच्या मांडीवर होता. पाणी टाचेवरून ठिबकत होतं. ती म्हणाली, रंग नाही आणणार. तो म्हणाला, मॅडम नको म्हणतात का, मी बोलतो त्यांच्याशी. मग तिने सांगितलं. आडवळण घेतलं नाही, रडली नाही, बशी बिघडली म्हणून पोरांना सांगायची त्या आवाजात सांगितलं.

"अहो, ते कडं बरं होण्याचं नव्हतं. पाय मरत होता, त्याचं होतं. मी रोज मोजलं आणि मला कळलं नाही. चारला नेलं असतं तर तुमची दोनच बोटं गेली असती."

त्याने अंगठ्याने ब्रशाचे केस उगाच मागे-पुढे केले. तिला वाटलं, आता शिव्या देईल. तिने त्यासाठी मान खाली घातली होती, आणि शिव्या आल्या असत्या तर तिने त्या पोटभर खाल्ल्या असत्या. त्याने विचारलं, डॉक्टर म्हणाला असं? ती हो म्हणाली. कधी म्हणाला, त्याने विचारलं. ती म्हणाली, त्याच दिवशी.

त्याने ब्रश डब्यात टाकला. मग तो पाय, ज्यात सुई टोचली तरी त्याला कळत नसे, त्याने तिच्या मांडीवरून उचलला, ओलाच मागे घेतला आणि चादरीखाली ठेवला.

"रिक्षा बोलाव," तो म्हणाला. "इस्पितळात दाखवू."

रिक्षात तो तिच्या बाजूला बसला होता, पण पाय पलीकडे वळवून. इस्पितळात परिचारिकेने फोड बघितला, वेळेवर आणलंत म्हणाली, आणि पट्टी बांधायला लागल्यावर काकूला म्हणाली, बाई, जरा टाच धरता का. काकू पुढे झाली. पेंटरने परिचारिकेकडे बघूनच सांगितलं, नको, मी धरतो. आणि वाकून, धाप लागेपर्यंत वाकून, त्याने स्वतःचा पाय स्वतः धरला. काकू हात पुढे करून तशीच उभी राहिली.